विश्लेषण : बोटीवरच्या पाऱ्यापासून बंदरावरच्या बावट्यापर्यंत... कोण होते रॉबर्ट फिट्झरॉय?

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, की कोकणातल्या बातम्यांत एक वाक्य हमखास येते : बंदरावर तीन नंबरचा बावटा लावण्यात आला असून मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. मोबाइलवर हवामान विभागाचे संदेश येऊ लागण्याच्या कितीतरी आधीपासून ही पद्धत चालत आली आहे. दिवसा खांबावर चढवलेले आकार, रात्री दिवे. लांबच्या बोटीवरूनही ओळखू यावेत असे. दूरवरच्या हवामानाची खबर तारेने गोळा करायची आणि बंदरावर खूण उभारून खलाशांना सावध करायचे, ही कल्पना ज्यांनी प्रत्यक्षात आणली त्यांत ब्रिटिश नौदलातील रॉबर्ट फिट्झरॉय हे नाव फार वरचे आहे. चार्ल्स डार्विन यांना जगप्रवासाला नेणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचे कप्तान, एवढीच त्यांची ओळख बहुतेकांना असते. हवामानाचे त्यांचे काम मात्र त्याहून मोठे म्हणावे लागेल, आणि त्याच्या मुळाशी त्यांच्या स्वतःच्या हातून झालेली एक चूक होती.

जानेवारी १८२९ मध्ये काय घडले?

फिट्झरॉय यांचा जन्म ५ जुलै १८०५ रोजी इंग्लंडच्या सफोक परगण्यात एका सरदार घराण्यात झाला. बाराव्या वर्षी ते पोर्ट्समथच्या नौदल विद्यालयात दाखल झाले. अभ्यासात हुशार, शिस्तीला कडक आणि स्वभावाने तापट. १८२८ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी किनाऱ्याची मोजणी करत असलेल्या ‘बीगल’च्या कप्तानाने त्या एकाकी, थंड, सततच्या वादळी प्रदेशात खचून स्वतःचे जीवन संपवले. त्याच्या जागी अवघ्या २३ वर्षांच्या फिट्झरॉय यांची नेमणूक झाली.

नवे जहाज हाती आल्यावर थोड्याच आठवड्यांत, जानेवारी १८२९ च्या अखेरीस, ‘बीगल’ ला प्लाता नदीच्या मुखाजवळ, माल्दोनादोच्या समोर होती. या भागात ‘पाम्पेरो’ नावाचा वारा कुप्रसिद्ध आहे. अर्जेंटिनाच्या सपाट गवताळ मैदानांवरून तो अचानक सुटतो आणि काही मिनिटांत समुद्र उलटापालटा करतो. त्या दिवशी जहाजावरच्या वायुभारमापकातला पारा खाली येत होता. आकाशात विजा चमकत होत्या. पण फिट्झरॉय यांना वरिष्ठांना जाऊन भेटण्याची घाई होती. शिडे वेळेत आखडली गेली नाहीत. वारा आदळला तेव्हा जहाज एका कुशीवर कलले, डोलकाठ्यांचे वरचे भाग मोडून पडले आणि वर चढलेले दोन खलाशी समुद्रात फेकले गेले. ते परत मिळाले नाहीत.

नौदलात अशा अपघातासाठी कुणी कप्तानाला फासावर चढवत नसे. वारा अचानक आला, असे म्हणून विषय संपवता आला असता. फिट्झरॉय यांनी तसे केले नाही. पारा सांगत होता आणि आपण ऐकले नाही, ही गोष्ट त्यांनी पुढे स्वतःच मांडली.

पारा खाली येतो म्हणजे नेमके काय?

आपल्या डोक्यावर हवेचा मोठा थर आहे आणि त्याला वजन आहे. हे वजन समुद्रसपाटीवर साधारण ७६ सेंटिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरते. हवेचा दाब घटला की पारा उतरतो, वाढला की चढतो. एखाद्या ठिकाणी दाब घटला, की सभोवतालच्या जास्त दाबाच्या भागातून हवा तिकडे धाव घेते. त्या धावेलाच आपण वारा म्हणतो. दाबातला फरक जितका मोठा आणि जितक्या कमी अंतरात, तितका वारा जोरदार. म्हणून पारा भराभर खाली येऊ लागला की वारा अजून पोहोचलेला नसला, तरी तो येण्याची तयारी झाली आहे असे समजायचे.

हलत्या जहाजावर पारा नळीत वर-खाली उसळत राहतो. त्यामुळे जहाजावरच्या यंत्राची नळी मध्ये अरुंद केलेली असे आणि यंत्र कड्यांमध्ये असे टांगलेले असे, की जहाज कलले तरी ते सरळ राहावे. एवढी काळजी घेऊनही नुसते एकदा बघून उपयोग नसतो. जुन्या वायुभारमापकांवर ‘उत्तम’, ‘बदल’, ‘वादळी’ असे शब्द कोरलेले असत आणि लोक काटा कुठल्या शब्दापाशी आहे तेवढेच पाहत. पारा कुठे आहे यापेक्षा तो कुठल्या दिशेने आणि किती वेगाने चालला आहे हे पाहा, असा फिट्झरॉय यांचा आग्रह होता. पुढे त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या यंत्रांवर चढणारा आणि उतरणारा पारा कोणत्या दिशेचा वारा आणि कोरडी की ओली हवा सुचवतो, हेच लिहिलेले असे.

आपल्याकडच्या समुद्रात यात आणखी एक खुबी आहे. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज भरती-ओहोटीसारखा दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो : सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. हा रोजचा चढउतार वगळूनही दाब त्या ऋतूतल्या सरासरीपेक्षा ३ हेक्टोपास्कलने खाली असेल तर चक्रीवादळाची शंका घ्यावी. ५ हेक्टोपास्कलने खाली असेल तर वादळ बहुधा २०० सागरी मैलांच्या आत आहे असे धरावे, असा दर्यावर्दींचा नियम आहे. अनेक स्मार्टफोनमध्ये दाब मोजणारा संवेदक असतोच. किनारा मागे पडून मोबाइलची रेंज गेली, तरी तो चालू राहतो.

‘बीगल’वर हवामानाची नोंद कशी ठेवली जाई?

२७ डिसेंबर १८३१ रोजी ‘बीगल’ पुन्हा निघाली, ती २ ऑक्टोबर १८३६ लाच परतली. हाच डार्विन यांचा प्रवास. जहाजावर २२ कालमापक घड्याळे होती, वायुभारमापक होते, डोलकाठ्यांवर तेव्हा नवीनच असलेले वीजरोधक बसवलेले होते. निघण्यापूर्वी नौदलाचे जलमापन प्रमुख फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी फिट्झरॉय यांच्या हाती एक पट्टी दिली. वाऱ्याला शून्य ते बारा असे आकडे द्यायचे. शून्य म्हणजे शांतता, बारा म्हणजे कुठलेही शीड तग धरू शकणार नाही असे तुफान. हवेसाठी अक्षरे : निरभ्र, ढगाळ, धुके, पाऊस, विजा, प्रत्येकाला एकेक.

दिसायला ही साधी गोष्ट वाटते. पण त्याआधी एका कप्तानाचा ‘जोराचा वारा’ दुसऱ्याच्या लेखी ‘बरा वारा’ असे. आकडा आला आणि दोन जहाजांच्या नोंदी शेजारी ठेवून ताडून पाहता येऊ लागल्या. ब्यूफोर्ट यांची ही पट्टी अधिकृतपणे वापरली गेली ती पहिल्यांदा याच प्रवासात. आजही समुद्री हवामानाच्या वार्तापत्रांत तीच, थोडी सुधारलेली, वापरात आहे.

जानेवारी १८३३ मध्ये केप हॉर्नजवळ एकामागून एक तीन प्रचंड लाटा ‘बीगल’वर आल्या. तिसरीने जहाज आडवे केले. एक होडी तोडून सोडून द्यावी लागली, कठड्यातल्या झडपा उघडून पाणी बाहेर काढले गेले आणि जहाज सावरले. माल्दोनादोचा कप्तान आणि हा कप्तान यांच्यात चार वर्षांच्या रोजच्या नोंदींचे अंतर होते.

मधली वर्षे थोडक्यात सांगता येतील, कारण ती फारशी सुखाची नाहीत. मोजणीच्या कामासाठी फिट्झरॉय यांनी स्वतःच्या पैशाने दुसरे जहाज घेतले. नौदलाने ते पैसे दिले नाहीत. १८४१ मध्ये ते खासदार झाले, १८४३ मध्ये न्यूझीलंडचे गव्हर्नर. तिथे माओरींच्या जमिनींवरून गोऱ्या वसाहतवाल्यांशी त्यांचे खटके उडाले आणि १८४५ मध्ये त्यांना परत बोलावण्यात आले. १८५४ मध्ये व्यापार मंडळाच्या नव्या हवामान कचेरीचे प्रमुखपद मिळाले, तेव्हा हे सन्मानाचे पद आहे असे फार कुणाला वाटले नसावे. हाताखाली मोजकी माणसे, आणि काम आकडेवारी जमवण्याचे : जहाजांना यंत्रे द्यायची, त्यांच्या नोंदवह्या गोळा करायच्या आणि कुठल्या समुद्रात कधी कुठला वारा असतो याचे तक्ते तयार करायचे. हवामान आगाऊ सांगणे त्यात नव्हतेच. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेत एका सदस्याने लंडनचे हवामान एक दिवस आधी कळू शकेल असे म्हटले, तेव्हा सभागृह हसले होते.

‘रॉयल चार्टर’च्या रात्रीने काय बदलले?

२५ ऑक्टोबर १८५९. मेलबर्नहून निघालेले ‘रॉयल चार्टर’ हे शिडे आणि वाफेचे इंजिन दोन्ही असलेले जहाज लिव्हरपूलच्या जवळ आले होते. जगाच्या दुसऱ्या टोकापासूनचा प्रवास जवळजवळ संपला होता. ऑस्ट्रेलियाच्या खाणींत कमावलेले सोने घेऊन माणसे घरी परतत होती. वेल्सच्या अँगलसी बेटाजवळ वारा वाढत वाढत तुफान झाला. नांगर टाकले, त्यांच्या साखळ्या तुटल्या. २६ तारखेच्या पहाटे जहाज मोल्फ्रा गावाजवळच्या खडकांवर आपटून फुटले. किनारा हाताच्या अंतरावर होता. सुमारे ४५० माणसे गेली. वाचलेल्या चाळिसेक जणांत एकही स्त्री किंवा मूल नव्हते. त्याच वादळात ब्रिटनच्या किनाऱ्यांवर १३० हून अधिक जहाजे बुडाली.

फिट्झरॉय यांनी पुढे त्या दिवसांच्या ठिकठिकाणच्या नोंदी जमवल्या आणि त्या नकाशांवर मांडल्या. वादळ एका जागी उगवलेले नव्हते. ते किनाऱ्याच्या एका भागाकडून दुसऱ्याकडे सरकत गेले होते, आणि त्याला त्यासाठी तास लागले होते. तारेचा निरोप मात्र काही मिनिटांत पोहोचतो. म्हणजे आधी तडाखा बसलेल्या गावाने पुढच्या बंदराला कळवले, तर तिथली जहाजे बंदरातच राहू शकतात. एकट्या बोटीवरचा पारा फक्त त्या बोटीपुरते सांगतो. वीस ठिकाणचे पारे तारेने एका टेबलावर आणले, की वादळाचा आकार आणि वाटचाल दिसू लागते.

हॉलंडमध्ये बाइज बॅलट हे शास्त्रज्ञ याच दिशेने काम करत होते आणि त्यांनी १८६० मध्ये इशारे सुरू केले. त्यांचा नियम सोपा आहे आणि बोटीवर फार उपयोगी : उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाबाचे केंद्र तुमच्या डाव्या हाताला असेल.

इशारा खलाशांपर्यंत कसा पोहोचे?

किनाऱ्यावरील तार कचेऱ्यांतून रोज सकाळी दाब, तापमान, वारा आणि आकाश यांच्या नोंदी लंडनला येत. त्यावरून धोका वाटला तर त्या त्या बंदराला तार जाई आणि तिथल्या खांबावर कापडी शंकू किंवा ढोल चढवला जाई. शंकूचे टोक वर असेल तर उत्तरेकडून वादळ, टोक खाली असेल तर दक्षिणेकडून. ढोल असेल तर एकामागून एक वादळे. दोन्ही एकत्र असतील तर मोठे संकट. रात्री हेच आकार कंदिलांच्या मांडणीतून दाखवत. अक्षरओळख नसलेल्या खलाशालाही ते कळावे, हा हेतू.

पहिला इशारा ६ फेब्रुवारी १८६१ रोजी गेला. तीनच दिवसांत, ९ तारखेला, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर वादळ आले. टाइन नदीच्या मुखाशी इशारा पोहोचूनही तो मानला गेला नाही आणि जहाजे बुडाली. व्हिटबी गावासमोर त्या दिवशी एकामागून एक जहाजे किनाऱ्यावर फेकली जात होती. त्यांतल्या लोकांना वाचवायला पुन्हा पुन्हा जाणारी जीवरक्षक नौका शेवटी उलटली आणि तिच्यावरच्या १३ पैकी १२ जणांचा अंत झाला.

तारेपलीकडच्या लहान गावांसाठी फिट्झरॉय यांनी आणखी एक सोय केली. गरीब मच्छीमार वस्त्यांना सरकारकडून वायुभारमापक दिले जाऊ लागले. बंदरावर, येता-जाता दिसेल अशा दगडी कोनाड्यात ते बसवलेले असत. होडी ढकलण्याआधी तांडेलाने पारा बघावा, एवढीच अपेक्षा. असे काही कोनाडे अजून उभे आहेत.

‘भाकीत’ नाही, ‘अंदाज’

१ ऑगस्ट १८६१ पासून लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये पुढच्या दोन दिवसांचे हवामान छापून येऊ लागले. वर्तमानपत्रातला हवामानाचा अंदाज हा प्रकार इथून सुरू झाला. त्या काळी पंचांगवाले वर्षभराचे हवामान बेधडक सांगत आणि ते खपतही असे. त्यांच्यापासून आपले काम वेगळे दिसावे म्हणून फिट्झरॉय यांनी ‘फोरकास्ट’ हा शब्द जाणीवपूर्वक निवडला. हे भविष्य नाही, हाती असलेल्या नोंदींवरून काढलेले मत आहे, असे त्यांना सुचवायचे होते. मराठीत आपण ‘हवामानाचे भाकीत’ न म्हणता ‘अंदाज’ म्हणतो, त्यातही हाच नेमका फरक आहे. तरी तो चुकला की चिडायचे तेवढे आपण चिडतोच.

त्यांचे नाव आज आणखी एका वस्तूला चिकटले आहे. बंद काचेच्या नळीत कापूर विरघळवलेला द्रव, त्यात बनणारे स्फटिक पाहून हवामान ओळखायचे. ‘फिट्झरॉय स्टॉर्म ग्लास’ या नावाने ऑनलाइन दुकानांत ती शोभेची वस्तू म्हणून मिळते. ते स्फटिक मुख्यतः तापमानानुसार बदलतात. टेबलावर छान दिसते. बोटीवर तिच्या भरवशावर जाऊ नये.

टीका का झाली?

मोजक्या तारा, मागे साठलेली फारशी माहिती नाही, आकडेमोड हाताने. असे अंदाज चुकणारच होते आणि ते चुकले. वर्तमानपत्रांत थट्टा सुरू झाली. शास्त्रज्ञांना वेगळीच अडचण होती : वातावरणाचे नियम सिद्ध झालेले नसताना सरकारी खात्याने रोज जाहीर अंदाज देणे त्यांना अशास्त्रीय वाटे. इशारा लागला की बोटी बंदरात पडून राहत आणि दिवसाची कमाई बुडे, म्हणून काही बोटमालकही नाराज होते. त्यांच्या तक्रारीत अगदीच तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. चुकीच्या इशाऱ्याची किंमत त्याच दिवशी मोजावी लागते. बरोबर इशाऱ्याने कोण वाचले, हे मात्र कधी दिसत नाही, कारण न घडलेल्या अपघाताची नोंद कुठेच होत नाही.

डार्विन यांच्याशीही अंतर पडले होते. धार्मिक वृत्तीच्या फिट्झरॉय यांना उत्क्रांतीचा सिद्धान्त मान्य नव्हता आणि त्या विचाराला वाट आपल्याच जहाजाने करून दिली, याची त्यांना बोचणी होती. जवळची संपत्ती सार्वजनिक कामांत संपली होती. ऐकण्याची शक्ती कमी झाली, प्रकृती ढासळली, नैराश्याने घेरले. ३० एप्रिल १८६५ रोजी, रविवारी सकाळी, वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. ज्यांच्या जागी ते ‘बीगल’चे कप्तान झाले, त्यांचाही शेवट असाच झाला होता. डार्विन यांनी कुटुंबासाठी उभारलेल्या निधीला पैसे दिले.

त्यांच्यानंतर इशाऱ्यांचे काय झाले?

फ्रान्सिस गाल्टन यांच्या समितीने कामाची तपासणी केली आणि १८६६ मध्ये आधी रोजचे अंदाज, मग वादळाचे इशारेही बंद झाले. यानंतर ओरड केली ती बंदरांवरच्या लोकांनी. शंकू खांबावरून उतरल्यावर त्याची सवय झालेल्या खलाशांना तो परत हवा होता. वादळाचे इशारे १८६७ मध्ये पुन्हा सुरू करावे लागले. रोजच्या अंदाजांना मात्र १८७९ पर्यंत थांबावे लागले.

भारतात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने आली. चक्रीवादळासाठीचा ‘सायक्लोन’ हा शब्द कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४० च्या दशकात घडवला होता. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्याला बसलेल्या चक्रीवादळाच्या तडाख्यात हजारो माणसे दगावली आणि बंदरातली जहाजे किनाऱ्यावर फेकली गेली. त्यानंतर १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी वादळाची सूचना देण्याची व्यवस्था झाली. भारतीय हवामान विभाग १८७५ मध्ये स्थापन झाला आणि बंदरांवरचे बावटे हळूहळू दोन्ही किनाऱ्यांवर आले.

ब्रिटनच्या समुद्री हवामान वार्तापत्रात स्पेनच्या वायव्येकडील समुद्राचा एक भाग पूर्वी ‘फिनिस्टर’ म्हणून ओळखला जाई. फेब्रुवारी २००२ पासून त्याचे नाव ‘फिट्झरॉय’ आहे.

स्कॉटलंडच्या आयमाउथ या मच्छीमार गावातही बंदरावर सरकारी वायुभारमापक होता. १४ ऑक्टोबर १८८१ च्या सकाळी त्यातला पारा खूपच खाली होता, आणि तो लोकांनी पाहिला होता. पण आकाश स्वच्छ होते, समुद्र शांत होता आणि खराब हवेमुळे आधीचे काही दिवस बोटी निघाल्या नव्हत्या. घरात पैसे नव्हते. बोटी निघाल्या. दुपारच्या सुमारास अंधारून आले आणि वारा आदळला. परतणाऱ्या काही बोटी बंदराच्या तोंडाशी, किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बायकामुलांच्या डोळ्यांदेखत खडकांवर फुटल्या. त्या दिवशी त्या किनाऱ्यावर १८९ मच्छीमार बुडाले. त्यांपैकी १२९ एकट्या आयमाउथचे होते.